आप्पांना हरवायचं कसं

हरल्यावर इतका खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. जिंकले की मात्र आप्पा अस्वस्थ व्हायचे. मोबाइल पालथा ठेवायचे, टोपी काढून पुन्हा घालायचे आणि समोरच्याला विचारायचे, "तुमचं कुठं चुकलं ते सांगू का?" समोरचा आधीच हरलेला. त्याचं डोकं फिरलं नाही तरच नवल. कारखान्यात आप्पांशी बोलणं टाकलेली जी काही माणसं होती, त्यातली बरीचशी या एका प्रश्नाची कमाई होती.

कारखाना म्हणजे पाटसच्या बाजूचा साखर कारखाना. मी न्हावऱ्याची. बी.एस्सी. करून तिथल्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. आप्पा केनयार्डचे सुपरवायझर. ऊस घेऊन आलेले ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या रांगेला लावायच्या आणि वजन झालं की एकेक करून गव्हाणीकडे, म्हणजे जिथून ऊस मिलमध्ये जातो तिकडे, सोडायच्या, हे त्यांचं काम. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं काटक, आवाज असा की ट्रॅक्टर चालू असतानाही ऐकू यावा.

मी लागल्यावर थोड्याच दिवसांत ते लॅबच्या दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, रिकाम्या बाटल्या हायत का? लहान, सारख्या." मला वाटलं, रसाच्या सॅम्पलसाठी हव्यात. बाटल्या घेऊन त्यांनी तिथेच ओट्यावर मांडल्या, काही इकडे, काही तिकडे, आणि गुडघ्यांवर हात टेकून बघत बसले. मग एक बाटली उचलून मागे ठेवली. पुन्हा पुढे आणली. "घोडं अडकतंय," असं स्वतःशीच पुटपुटले आणि सगळं तसंच टाकून निघून गेले. नव्या नोकरीत वेडा माणूस कोण ते लवकर कळलेलं बरं, एवढंच माझ्या मनात आलं.

वजनकाट्यावरच्या बापूंनी नंतर खुलासा केला. बापू काट्याचे क्लार्क, दौंडहून रोज मोटरसायकलवर येणारे, कारखान्यातली कुठलीही गोष्ट आधी त्यांना कळायची. "येडे न्हाईत वो मॅडम," ते म्हणाले, "गेम खेळत्यात."

गेम मोबाइलवरचा. प्रत्येकाचा एक किल्ला, प्रत्येकाची एक फौज. ज्याचा किल्ला, तो आपली फौज चौकटींच्या पटावर आधीच मांडून ठेवतो. चढाई करणारा पटाच्या कुठल्याही कडेनं आपली माणसं उतरवतो आणि बटण दाबतो. त्यानंतर कुणाच्याच हातात काही नसतं. जो तो शिपाई जवळच्या शत्रूवर धावून जातो. भालेकरी घोड्यांना भारी, घोडे तिरंदाजांना भारी, तिरंदाज भालेकऱ्यांना भारी. तोफ लांबवर मारते, पण कुणी अगदी जवळ आलं की तिचा उपयोग शून्य. म्हणजे सगळा खेळ मांडणीचा. शहाणी माणसं ढाली पुढे लावतात, त्यामागे भाले, त्यामागे तिरंदाज, दोन्ही बाजूंना घोडे. जगभर असंच लावतात आणि त्यात काही चूक नाही. आप्पा तिला पुस्तकी रांग म्हणायचे, आणि म्हणताना चहात माशी सापडल्यासारखं तोंड करायचे.

"सरळ फौज कुणीबी लावंल," ते म्हणायचे. "त्यात आपलं काय?"

आप्पांची स्वतःची अशी एक फौज होती, तिचं नाव पंगत. समोरासमोर दोन लांब रांगा आणि मध्ये वाढप्यांना ठेवतात तशी मोकळी वाट. शत्रू त्या वाटेत शिरला की दोन्हीकडून बाण. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मी चांगलीच सापडले. तिचा उतारा आप्पांनीच सांगितला. उतारा हा त्यांचाच शब्द, विषावर देतात तसा. वाटेत शिरायचंच नाही. रांगेच्या एका टोकाशी घोडे उतरवायचे. टोकाचा माणूस उठला की त्याच्या शेजारचा उठतो, मग त्याच्या शेजारचा, आणि जेवण न होताच पंगत उठते.

दुसरी वाघूर. मेंढपाळ रानात मुक्काम करताना मेंढरांभोवती जाळं उभं करतात, ती वाघूर. आप्पांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. पुढे घरानं भीमेच्या काठी वडगाव रासाईला जमीन कसायला घेतली आणि मेंढरं गेली, पण आप्पांच्या डोक्यातून काही ती गेली नव्हती. या फौजेत बाहेर भालेकऱ्यांचं कडं आणि आत सगळे घोडे कोंडलेले. शत्रू कडं फोडता फोडता दमला की आतून ताजे घोडे बाहेर. कल्पना झकास होती. फक्त बॉयलरवरच्या पांडेजींनी एकदा लांबून नुसते बाण सोडले. कडं जागचं हललं नाही, आणि आप्पांचे घोडे आप्पांच्याच भालेकऱ्यांमुळे आत कोंडून मेले. आप्पा मांडीवर थाप मारून इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आमच्या वडलांनी बघितलं असतं तर काठी घिऊन माझ्या मागं लागलं असतं!"

पांडेजी उत्तर प्रदेशातले, बॉयलर अटेंडंट, बोलणं मोजकं. त्या दिवशी आप्पांनी त्यांना मिठी मारली. पांडेजी दोन दिवस जरा लाजल्यासारखे वावरत होते.

त्या गेममध्ये काही जणांनी मिळून गट करायची सोय होती. आमच्याकडे त्याला टोळीच म्हणत, ऊसतोडीची असते तशी, आणि टोळीचे मुकादम अर्थातच आप्पा. बापू होते, पांडेजी होते, इतर खात्यांतले काही जण होते, आणि बंद हंगामात लॅबला विशेष काम नसतं तेव्हा मीही टोळीत कधी ओढले गेले ते कळलंच नाही. टोळीत गेल्यावर आप्पांनी मला मॅडम म्हणणं सोडलं. "मॅडम लॅबमधी," ते म्हणाले, "हितं तू पोरगी."

नवी फौज मांडली की आप्पा तिचा फोटो टोळीच्या ग्रुपवर टाकायचे आणि खाली लिहायचे, "उतारा शोधा." मग जो तो त्यांच्यावर चाल करून बघायचा. कुणाला उतारा सापडला नाही तर आप्पा बेचैन. जेवताना भाकरीचे तुकडे ताटात मांडून बघायचे. शेवटी त्यांनाच सापडायचा, आणि ते स्वतःच स्वतःला कसं हरवायचं ते सगळ्यांना सांगत सुटायचे. मी एकदा विचारलं, "आप्पा, कशाला सांगता? जिंका की सुखानं."

"न्हाई गं," ते म्हणाले. "जिला उतारा न्हाई ती फौज खरी हाय का खोटी, कसं कळायचं? कोन तरी हरवल्याबिगर मला झोप लागत न्हाई."

हे ते गंभीरपणे बोलत. मला तेव्हा त्याची गंमतच वाटली होती.

एका हंगामात त्यांनी हे सगळं खऱ्या यार्डात आणलं. एरवी बैलगाड्यांची रांग वेगळी, ट्रॅक्टरची वेगळी. आप्पांनी दोन ट्रॅक्टरच्या मध्ये एक बैलगाडी अशी नवी मांडणी केली. बैलगाडीवाल्यांना ताटकळावं लागणार नाही आणि ट्रॅक्टरवाले घुसाघुशी करणार नाहीत, असा हिशेब. सकाळी यार्ड पाहून कुणालाही कौतुक वाटलं असतं. मग एका ट्रॅक्टरनं हॉर्न मारला, पुढचे बैल बिथरून आडवे झाले, मागच्या ट्रॉलीला वळायला जागा उरली नाही, आणि बघता बघता अख्खं यार्ड जाम. बाहेर रस्त्यापर्यंत उसाच्या गाड्या आणि आत गव्हाण रिकामी. यार्डात ऊस मावत नसताना 'नो केन' म्हणून मिल थांबली, असं आमच्या कारखान्यात त्याआधी कधी झालं नव्हतं. शेतकी अधिकारी लाल होऊन आले. आप्पा शांतपणे म्हणाले, "साहेब, फॉर्मेशन बरोबर व्हतं. बैलांनी ऐकलं न्हाई."

मेमो मिळाला. तो त्यांनी कौतुकानं काट्यावर आणून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "ह्या फौजेला उतारा म्हंजी हॉर्न. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

अशा माणसाच्या घरी बायको कशी राहत असेल, हा प्रश्न मला पडायचा. काकूंना भेटल्यावर तो मिटला. त्या हसतमुख होत्या आणि आप्पा काय बोलतात तिकडे त्यांचं अजिबात लक्ष नसे. "कुनाला तरी कायतरी मांडून दाखवायचं असतंया त्यांना," त्या म्हणायच्या. "मी व्हय म्हनती आन् डाळ फोडणीला टाकती."

मग आप्पांच्या छातीत दुखलं. यार्डातच, भरदुपारी. बापूंनी आणि पांडेजींनी जीपमध्ये घालून दौंडला दवाखान्यात नेलं आणि ते वाचले. पुढच्या तपासण्यांत ब्लॉकेज निघाले. बायपास करावं लागेल, पुण्याला, आणि लवकर करा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पुढच्या झटक्यात दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ मिळेलच असं नाही, हेही सांगितलं. ऑपरेशन केलं तर माणूस चांगला होईल, घाबरण्यासारखं काही नाही, असंही तेच म्हणाले. आप्पांनी मान हलवली. पुण्याची तारीख मिळेपर्यंत त्यांना वडगावला घरी आणलं.

इथून पुढचा सगळा घोटाळा आम्ही केला, आणि चांगल्या मनानं केला. आपल्याकडे आजारी माणसाला कुणी विरोध करत नाही. तो म्हणेल त्याला हो म्हणायचं, त्याला आवडेल तेच बोलायचं. गाव भेटायला आलं, शहाळी आली, द्राक्षं आली. ज्यांनी बोलणं टाकलं होतं तेही येऊन उशाशी बसले. आप्पांचा एक चुलतभाऊ होता. त्याचं आणि आप्पांचं शेताच्या बांधावरून कित्येक वर्षं वैर, मोजणी झाली, भांडणं झाली, दोघं एकमेकांच्या लग्नकार्याला जात नसत. तोही आला. पायाशी बसला, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, "आप्पा, बांध तुमचाच."

आणि टोळीनं काय केलं? ग्रुपवर बापूंनी लिहिलं, "आजारी माणूस हाय, जिंकू द्या." आप्पांनी दवाखान्यात पडल्या पडल्या एक नवी फौज जमवली होती. आम्ही सगळे रोज तिच्यावर चाल करायचो आणि हरायचो. कुणी घोडेच नेत नसे, कुणी तिरंदाज नेमके भलत्या कडेला उतरवी. आप्पा जिंकत होते, जिंकत होते, आणि आम्हाला वाटत होतं की त्यांना केवढं बरं वाटत असेल.

एक दिवस काकूंचा फोन आला. "पोरी, ह्यांनी ऑपरेशनला न्हाई म्हनून सांगितलंय. डॉक्टरचं ऐकत न्हाईत, माझं तर ऐकतच न्हाईत. लेकीला बोलावून घेतलं आन् दागिनं कुनाचं कुनाला ते सांगत बसल्यात. काय तरी कर."

रविवारी मी मोटरसायकल काढली आणि वडगावला गेले. आप्पा पडवीत खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली, आवाज खाली आलेला. मला ते असे बघवेनात. मी ऑपरेशनचा विषय काढला तर त्यांनी हात वर केला.

"फसवू नगंस," ते म्हणाले. "मला सगळं कळलंय."

"काय कळलंय?"

"भावकीनं बांध सोडला, तवाच मला शंका आली. बांध असा कोन सोडतं का? पर म्हनलं, असंल, पघळला असंल. मग तुमी समदे गेममधी हरायला लागला. बापू घोडी घरी ठिऊन लढाईला येतोय. पांडे येतोय, ज्यानं माझी वाघूर एका दमात मोडली, त्यो आता तिरंदाज भलतीकडंच उतरवतोय. म्हंजी डॉक्टरनं तुमाला सांगितलंय आन् मला न्हाई. मी चाललोय." त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मग मरनाऱ्या मानसाला पुन्याला निऊन कशाला फाडायचं? हितं नदी दिसती. हितंच बरा हाय मी."

मी चिडले, हसले, शपथा घेतल्या. डॉक्टरांनी काहीही सांगितलेलं नाही, आम्ही गाढव आहोत, तुम्हाला बरं वाटावं म्हणून हरत होतो, एवढंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मायेनं म्हणाले, "व्हय, असंच सांगत्यात."

मग मी मोबाइल काढला. म्हटलं, आत्ता हरवते तुम्हाला, तुमच्या डोळ्यांदेखत. आणि पहिल्यांदाच त्यांची ती नवी फौज नीट पाहिली. पटाचा मधला भाग अख्खा मोकळा. चार कोपऱ्यांत चार पुंजके, त्यातल्या एका कोपऱ्यात तोफ आणि तिच्याभोवती भालेकरी. समोरून गेलं की आपली फौज चार दिशांना फुटते आणि मोकळ्या जागेत तोफ एकेकाला टिपते. तोफ आधी बंद करावी म्हणून मी घोडे थेट तिच्यावर घातले. भालेकऱ्यांनी ते तिथल्या तिथे संपवले. उरलेल्यांना तोफेनं खाल्लं. मी मनापासून, जीव तोडून लढले आणि सपाटून हरले.

आप्पांनी माझ्याकडे जी नजर टाकली ती मी विसरणार नाही. "तू बी?" एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

आत काकू पदरानं डोळे पुसत होत्या. तेव्हा मला खरी भीती वाटली. आजवर ज्यांच्या प्रत्येक फौजेला उतारा सापडत आला त्या माणसानं नेमकी आत्ताच एक चांगली फौज काढली होती, आणि तिला उतारा सापडला नाही तर ते त्या पडवीतून उठणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये मी, बापू आणि पांडेजी बसलो. चहाचे रिकामे ग्लास चार कोपऱ्यांत मांडले, तोफ म्हणून साखरेची बरणी ठेवली. बापू म्हणाले, सगळी फौज एकाच कोपऱ्यात उतरवू, म्हणजे फुटणार नाही. मी म्हटलं, एका जागी गर्दी झाली की तोफेचं फावतं. मग तोफेवर घोडे? मेले. तोफेवर ढाली? पोचेपर्यंत निम्म्या संपल्या. आम्ही मोबाइलवर हे सगळं करूनही पाहिलं आणि प्रत्येक वेळी हरलो. आणि दर वेळी मला दिसत होतं की वडगावला त्यांच्या मोबाइलवर 'तुम्ही जिंकलात' अशी अक्षरं येत असणार आणि ते आणखी थोडे भिंतीकडे वळत असणार. शेवटी मीच मोबाइल सगळ्यांचे हिसकावून घेतले आणि म्हटलं, आता नुसते ग्लास.

बापूंचा आवाज बसला होता. "आन् म्या म्हनलं जिंकू द्या," ते सारखं म्हणत होते. "म्याच म्हनलं."

पांडेजी बराच वेळ बरणीकडे बघत होते. मग एक ग्लास उचलून त्यांनी तो बरणीला अगदी चिकटवून ठेवला. म्हणाले, "तोप दूर मारती है. तो दूर खड़े ही क्यों हों?"

"घोडं मेलं की तिथं," बापू म्हणाले.

"घोड़ा नहीं. तीर वाला."

बापू आणि मी ग्लासांवर वाकलो. तिरंदाज कुणी पुढे नेत नाही. तिरंदाज मागे, लांब, ढालींच्या आड, हे सगळ्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की तो विचारच सुचत नाही. पण तोफेच्या कुशीत उतरवले तर तोफ त्यांना मारू शकत नाही, आणि भालेकऱ्यांना तिरंदाज भारी. तोफ गप्प झाली की बाकीची फौज एकेका कोपऱ्यावर एकगठ्ठा जाऊ शकते. आप्पांच्या उलट्या डोक्याला उतारा म्हणजे तितकंच उलटं डोकं. बापूंनी उठून पांडेजींच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की कँटीनवाला बाहेर येऊन बघू लागला.

करून बघायची माझी हिंमत झाली नाही. म्हटलं, जे व्हायचं ते त्यांच्यासमोर होऊ दे. तिघं मिळून वडगावला गेलो. आप्पा भिंतीकडे तोंड करूनच पडले होते. मी म्हटलं, "आप्पा, एकदा बघा. शेवटचं. पुन्हा नाही म्हणणार." शेवटचं म्हटल्यावर ते वळले. मरणाऱ्या माणसाला या शब्दाला नाही म्हणता येत नसावं.

मी तिरंदाज तोफेला खेटून उतरवले आणि बाकीची फौज त्यांच्याच पाठीशी. आप्पांची मान किंचित वर झाली. बटण दाबलं. तोफेनं लांब मोकळ्या रानात गोळे टाकले, तिथे कुणी नव्हतंच. भालेकरी एकामागून एक पडायला लागले. आप्पा कोपरावर उठले. मग बसले. "थांब, थांब, ह्ये कुनी शिकवलं? तिरंदाज पुढं? तोफंच्या पोटात?" तोफ पडली. आमच्या ढाली, घोडे, सगळी गर्दी पहिल्या कोपऱ्यावर तुटून पडली, मग दुसऱ्या. आप्पा खाटेवरून पाय खाली सोडून मोबाइलवर वाकले होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. शेवटचा भालेकरी पडला.

"परत," आप्पा म्हणाले.

त्यांनी तोफ दुसऱ्या कोपऱ्यात हलवली, भालेकरी वाढवले. मी पुन्हा तिरंदाज तोफेच्या पोटात घातले. आप्पा पुन्हा हरले. त्यांनी आम्हा तिघांची तोंडं एकेक करून पाहिली. आम्ही हसत नव्हतो. आमच्या तोंडावर नुसता घाम होता. मला वाटतं, त्या घामावर त्यांचा विश्वास बसला.

त्यांनी चुलतभावाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "काय रं, बांध माझा म्हनालास ते खरं का?"

पलीकडून आधी खाकरणं ऐकू आलं. मग चुलतभाऊ म्हणाला, "तुमी आजारी व्हता म्हनून म्हनलो आप्पा. बांध आमचाच हाय. मोजणीत निघालंय तसं."

"मोजणी गेली खड्ड्यात!" आप्पा ओरडले. तो यार्डातला आवाज होता. "बरा हुतो आन् बघतो तुझ्याकडं!" फोन ठेवला आणि आत बघून म्हणाले, "अगं, बॅग भर. पुन्याला जायाचंय."

काकू दारातच मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मलाही रडू आवरलं नाही. बापू तर उघडउघड हुंदके देत होते. आप्पा एकटेच मजेत होते, पांडेजींना जवळ ओढून विचारत होते, "तिरंदाजाचं तुला सुचलंच कसं, सांग की रं."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टर बाहेर येऊन तसं म्हणाले तेव्हा आम्ही सगळे दवाखान्याच्या कॉरिडॉरमधल्या बाकावर होतो. काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की सोडल्यावर बोटांचे वळ दिसत होते. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. पुढच्या हंगामात आप्पा यार्डात परत आले, जरा हळू चालत, पण ओरडणं तेच. चुलतभावाशी भांडण अजून चालू आहे. दोघांची तब्येत उत्तम आहे.

माझं लग्न होऊन मी शिरूरला आले आणि कारखाना सुटला. टोळी मात्र मोबाइलवर असल्यामुळे सुटली नाही. मध्ये मला मानेपाशी एक गाठ आली. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्टला वेळ लागेल म्हणाले. रिपोर्ट पुढे चांगला आला, साधी गाठ निघाली, तेव्हा त्याची काळजी नको. सांगायचंय ते त्याच्या आधीचं. घरात सगळे एकाएकी गोड झाले होते. सासूबाई मला भांड्याला हात लावू देईनात. नवरा मी म्हणेन त्याला हो म्हणू लागला, अगदी आजवर ज्याला कधीच हो म्हटलं नव्हतं त्यालाही. मी काय बोलले, कशी बोलले, तरी कुणी उलटून बोलत नव्हतं. आप्पांना त्या पडवीत काय वाटलं असेल ते मला आता कळलं. घास घशाखाली उतरत नव्हता.

हे सगळं मी बापूंना फोनवर सांगितलं. बापूंना सांगितलं म्हणजे आप्पांना कळलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइल वाजला. आप्पांनी माझ्या किल्ल्यावर चाल केली होती. मी पट उघडला आणि बघतच राहिले. ढाली पुढे, त्यामागे भाले, त्यामागे तिरंदाज, दोन्ही बाजूंना घोडे. पंगत नाही, वाघूर नाही, काही नाही. आप्पांनी सरळ फौज लावलेली मी कधी पाहिली नव्हती. त्यांनी माझा किल्ला दगडावर दगड न ठेवता पाडला.

लगेच फोन आला. "हरलीस?"

"हरले, आप्पा."

"चांगली हरलीस?"

"चांगली हरले."

"मग झालं तर," ते म्हणाले. "तुला काय झालेलं न्हाई. जा, जेव."

सासूबाई हातातलं पातेलं देईनात, म्हणून मी त्यांच्याशी कडकडून भांडले. त्याही भांडल्या. मग मी ताट वाढून घेतलं आणि किती तरी दिवसांनी पोटभर जेवले.